संगीतजिज्ञासू शिक्षकांसाठी काही ध्वनिमुद्रिका व ग्रंथ

खेड्यातील पुष्कळशा शाळांत एक पेटी असते. ती प्रार्थनेपुरती वाजते व उरलेला दिवस कपाटावर पडून राहते. ती वाजविणाऱ्या शिक्षकासही शास्त्रीय संगीत हा आपला प्रांत नव्हे असे वाटत असते. त्यासाठी गुरू हवा, वर्षानुवर्षांची तालीम हवी, अशी त्याची समजूत असते. गाणाऱ्याच्या बाबतीत ती यथार्थ आहे. ऐकणाऱ्यास मात्र काही निवडक ध्वनिमुद्रिका व तीन-चार ग्रंथ प्रारंभास पुरतात. फक्त ते कोणत्या क्रमाने घ्यावेत हे ठाऊक पाहिजे.

पुस्तकापासून आरंभ केल्यास थाट, वादी, संवादी या संज्ञा तेवढ्या पाठ होतात आणि कान कोराच राहतो. म्हणून प्रथम ऐकावे, व तेही परिचित रागापासून. भजनाची सांगता बहुधा भैरवीने होते, तेव्हा हा राग गावच्या कानास नवा नाही. पेटीवर पांढरी तीन हा षड्ज धरून पुढे केवळ पांढऱ्याच पट्ट्या क्रमाने वाजवाव्यात, की भैरवीचे सातही स्वर मिळतात : रिषभ, गांधार, धैवत व निषाद कोमल, मध्यम शुद्ध. हे स्वर दोन-चार दिवस कानांत मुरू द्यावेत.

मग अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ व केसरबाई केरकर यांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकाव्यात. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. आता ही गाणी मोबाईलवरही ऐकावयास मिळतात, आणि वर्गातील मुलांचे चित्त तेवढा वेळ सहज स्थिर राहते. राग एकच, परंतु अब्दुल करीम खाँ एकेका स्वरावर हळुवार रेंगाळतात, फैयाज खाँ भारदस्त आवाजात बोलांशी खेळतात, तर केसरबाईंचा खुला, भरदार सूर कोठेही खंडित होत नाही. त्यांची ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात धाडली गेली; त्याच वर्षी त्या निवर्तल्या. ही ठुमरी ढंगाची गाणी असल्याने घराण्याची शिस्त त्यांत काहीशी सैल असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. खरी पारख ख्यालातच होते.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरीही अवश्य ऐकावी. ही ध्वनिमुद्रिका बालपणी कानी पडल्यामुळे भीमसेन जोशी यांनी १९३३ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधार्थ घर सोडले. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्यांना गुरू म्हणून लाभले. भीमसेनांचे वडील शिक्षक होते. गाणे ऐकत खिडकीशी खिळून राहिलेल्या मुलास दटावून जागेवर बसविण्यापूर्वी शिक्षकांनी ही हकीकत आठवावी.

कानाला भेद जाणवू लागला, की वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ (१९६१) हाती घ्यावे. देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस. त्यांची मांडणीही तशीच चोख आहे. स्वर व लय ही दोन टोके कल्पून त्यांनी किराणा घराणे स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या बाजूस आणि जयपूर उभयतांचा तोल राखणारे, असे विवेचन केले आहे. वरील तीन गायक अनुक्रमे किराणा, आग्रा व जयपूर या घराण्यांचे होत. देशपांडे यांचे मत शेवटचा शब्द मानण्याचे कारण नाही. आपल्या कानाशी ते ताडून पाहावे.

गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) हा वेगळा आनंद आहे. भास्करबुवा बखले, अल्लादिया खाँ यांचा सहवास लाभलेल्या या हार्मोनियमवादकाची भाषा रसाळ आहे, आणि पेटी वाजविणाऱ्या शिक्षकास ते विशेष जवळचे वाटेल.

पं. भातखंडे यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ सर्वांत शेवटी घ्यावी. चार भागांच्या या मराठी ग्रंथाचा पहिला भाग १९१० साली निघाला. ग्रंथाचा विस्तार पाहून दबून जाऊ नये. सर्व विवेचन गुरुशिष्यांच्या संवादरूपाने केले असून शिष्य मनमोकळेपणाने शंका विचारतो. ही पद्धत शिक्षकांस परकी वाटणार नाही. त्यातील भैरवीविषयीचे विवेचन आधी काढून वाचावे व वाचताना पेटी जवळ असावी. तालुक्याच्या ग्रंथालयात यांपैकी एखादे पुस्तक नसल्यास मागणीवहीत त्याची नोंद करावी.