वाढीव वॉरंटी : सेवेचा करार की अनिश्चिततेचा सौदा?



काही दिवसांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक तरुण मशिदीत थांबला. पर्यटकांची ने-आण करून उदरनिर्वाह करावा म्हणून तो गाडी घेत होता. आईच्या बांगड्या आणि आखातातील मामांची मदत, एवढे त्याचे भांडवल होते. शोरूमच्या कोटेशनमध्ये गाडीची किंमत, नोंदणी आणि विमा यांच्याखाली ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ अशी आणखी एक ओळ होती. “मौलाना, हे घेतले तर चालेल का?” त्याने विचारले. मी कागद न वाचताच उत्तरलो, “हा विमाच आहे, सोडून द्या.” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “चौथ्या वर्षी गिअरबॉक्स गेला, तर घरची चूल कशी पेटवायची, तेही सांगा.”

मला माझ्या घाईची लाज वाटली. एखाद्या व्यवहाराचा हुकूम सांगण्यापूर्वी त्या व्यवहाराचे स्वरूप समजून घ्यावे, हा फिकहचा आरंभीचा धडा मी विसरलो होतो. आम्ही तो कागद घेऊन बसलो. त्या बैठकीत जे उलगडले, ते आपल्यापुढे मांडत आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. गाडीबरोबर कंपनीची जी मूळ वॉरंटी मिळते, तिची वेगळी किंमत आपण देत नाही. सदोष माल विकणाऱ्यावर त्या दोषाची जबाबदारी असते, हे शरीअतचे जुने तत्त्व आहे. विक्रीपूर्वीचा दोष नंतर उघड झाला, तर खरेदीदाराला माल परत करण्याचा जो अधिकार मिळतो, त्यास फुकहा ‘खियारे ऐब’ म्हणतात. मूळ वॉरंटी या तत्त्वाच्या जवळची आहे. तिच्याविषयी मनात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

वाढीव वॉरंटी मात्र मूळ मुदत संपल्यावर सुरू होते आणि तिच्यासाठी आपण आजच वेगळी रक्कम मोजतो. बिघाड झाला नाही, तर ती रक्कम गेली. मोठा बिघाड झाला, तर देणाऱ्याला भरलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च सोसावा लागतो. कोणाला काय मिळणार, हे करार करताना दोघांनाही ठाऊक नसते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्या सौद्यात ‘गरर’, म्हणजे अशी घातक अनिश्चितता असते, तो सौदा निषिद्ध केला. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आली आहे. सूरह अल-माइदाच्या 90व्या आयतीत जुगारापासून दूर राहण्याची आज्ञा आहे आणि सूरह अन-निसाच्या 29व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई आहे. याच आधारांवर अनेक उलेमा स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या वाढीव वॉरंटीला व्यापारी विम्यासारखी मानतात आणि तिची परवानगी देत नाहीत.

तथापि प्रत्येक कागद एकसारखा नसतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1985 साली जेद्दाह येथे व्यापारी विमा निषिद्ध ठरविला. त्याच अकादमीने 1998 साली बहरीनमधील मनामा येथे देखभालीच्या करारांचा स्वतंत्र विचार केला. काम आणि मोबदला दोन्ही निश्चित असतील, तर देखभालीचा करार ‘इजारा’, म्हणजे श्रमाचा मोबदला ठरतो आणि तो वैध आहे. विक्रीच्या करारातच विक्रेत्याने ठराविक मुदतीसाठी देखभाल स्वीकारली असेल, तर तीही वैध मानली गेली. म्हणून ठराविक सर्व्हिसिंगचे, ऑइल-फिल्टर बदलण्याचे पॅकेज ही एक गोष्ट आणि ‘बिघडले तर बघू’ हा सौदा दुसरी गोष्ट.

तेव्हा सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हमी देणारा कोण आहे : गाडीचा उत्पादक, विक्रेता की त्यांच्यामागे असलेली विमा कंपनी? ती गाडीच्या मूळ सौद्याचा भाग आहे की स्वतंत्र खरेदी? काय वगळले आहे? क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर यांसारखे झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात आणि अधिकृत वर्कशॉपमधील एक सर्व्हिसिंग चुकली, तरी दावा नाकारला जाऊ शकतो. चौथा प्रश्न कर्जाने गाडी घेणाऱ्यांसाठी आहे : ही रक्कम कर्जात मिळविली आहे काय? तसे असेल, तर तिच्यावरही व्याज चढते. सूरह अल-बकराच्या 282व्या आयतीत मुदतीचे व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. लिहिलेले वाचलेच नाही, तर लिहिण्याचा हेतू कसा साधणार?

शोरूममध्ये काम करणाऱ्या बांधवांनाही एक विनंती. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर प्रेषितांना (स.) आतले धान्य ओले लागले, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला ते वर का ठेवले नाही, असे विचारले. वगळलेल्या भागांची यादी बारीक अक्षरांत दडविणे हे ओले धान्य तळाशी ठेवण्यासारखेच आहे. ग्राहकाला ती आधी वाचून दाखवावी.

आता त्या तरुणाचा खरा प्रश्न. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण जाणतोच. समजा वॉरंटीचे 18,000 रुपये होतात. पाचव्या वर्षाअखेरपर्यंतच्या 60 महिन्यांत ते विभागले, तर दरमहा 300 रुपये होतात. तेवढी रक्कम गाडीच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. बिघाड झाला, तर ती कामी येईल. न झाला, तर आपलीच राहील.

त्याने चौकशी केली. हमी विमा कंपनीची निघाली. त्याने ती ओळ खोडून घेतली. त्याची गाडी बिघडणारच नाही, हे मी सांगू शकत नाही. पहिल्याच वर्षात मोठा खर्च निघाला, तर मूळ वॉरंटी आहे. पण चौथ्या वर्षी साठविलेले पैसे अपुरे पडले, तर? म्हणून आमच्या जमातीच्या विश्वस्तांपुढे मी हा विषय ठेवला आणि अशा प्रसंगासाठी कर्जे-हसनाचा निधी राखण्याचे ठरले. आपण एखाद्याला ‘हे घेऊ नका’ असे सांगतो, तेव्हा संकटात त्याच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. ती न स्वीकारता दिलेला सल्ला अपुरा आहे.

आपल्या हाती असलेला कागद वेगळा असेल, तर तो घेऊन जवळच्या जाणकार आलिमांकडे जावे. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि आपले व्यवहार स्वच्छ ठेवो. आमीन. वल्लाहु आलम.