*चावी काढली तरी इंजिन बंद होईना? आधी हे तपासा*



आजचा सल्ला कार्बोरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल पिकअप, जीप आणि व्हॅनसाठी आहे. माल उतरवून चावी फिरवली, तरी इंजिन धडधडत, हिसके देत काही सेकंद चालूच राहतं. याला रन-ऑन म्हणतात. प्लगची ठिणगी बंद झालेली असते, पण सिलेंडरमधली काजळी किंवा प्लगचं टोक इतकं तापलेलं असतं की आत आलेलं पेट्रोल त्यानेच पेट घेतं. रोज असंच चाललं तर पिस्टन आणि हेड गॅस्केटवर ताण येतो. ऐन हंगामात गाडी उभी राहिली तर मालही अडकतो.

*आधी ओळखा*
चावी काढूनही इंजिन अगदी सुरळीत, नेहमीसारखं चालत असेल तर तो रन-ऑन नाही. चावीचा स्विच किंवा वायरिंग तपासा. धडधड आणि हिसके असतील तरच पुढचं वाचा.

*त्या क्षणी काय करायचं*
गाडीपुढे कोणी उभं नाही ना, ते बघा. हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबा, वरचा गियर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडेल. ॲक्सिलरेटर दाबू नका. हा तात्पुरता उपाय आहे, रोजची सवय लावू नका.

*कारण या क्रमाने शोधा*

*१) रेस (आयडलिंग):* बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून आपण स्क्रू पिळून रेस वाढवतो. मग चावी काढल्यावरही थ्रॉटल उघडाच राहतो आणि हवा-पेट्रोल आत जात राहतं. इंजिन गरम असताना, चोक पूर्ण आत ढकलून, रेस गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावा (बऱ्याच जुन्या गाड्यांत मिनिटाला ७०० ते ९०० फेरे). रेस कमी केल्यावर गाडी बंद पडत असेल तर खरं दुखणं पुढच्या मुद्द्यांत आहे. रेस वाढवून ते झाकू नका.

*२) हवा गळती:* कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग आणि रबरी नळ्या बघा. जास्तीची हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. इंजिन थंड असताना चालू करा आणि पॅकिंगच्या कडेला थोडं पाणी फवारा. आवाज बदलला तर तिथे गळती आहे. प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर आणि सायलेन्सरच्या पाईपवर पाणी जाऊ देऊ नका. पेट्रोल तर अजिबात फवारू नका.

*३) सोलेनॉइड:* काही कार्बोरेटरवर चावी काढताच पेट्रोल तोडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद ठेवून चावी चालू-बंद करा. "टक" आवाज आला नाही तर आधी वायर तपासा, मग व्हॉल्व्ह.

*४) उष्णता:* रेडिएटरचं पाणी, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट बघा. रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा.

*५) प्लग आणि टायमिंग:* प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय किंवा मिश्रण पातळ आहे. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. चुकीच्या नंबरचा प्लगही तापून लाल होतो. टायमिंग मागे पडलं असेल तरी इंजिन तापतं. ते मेस्त्रीकडून टायमिंग लाईट लावूनच करून घ्या.

*इंधनाबद्दल*
पैसे वाचवायला पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळू नका. त्याने इंजिन ठोकतं, काजळी साचते आणि रन-ऑन वाढतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाडीतले रबरी पाईप आणि डायफ्रॅम त्याने फुगू किंवा चिरू शकतात. ते वेळोवेळी बघा, पाझर दिसला तर लगेच बदला.

*⚠️ सावधान*
कार्बोरेटर उघडण्याआधी इंजिन गार होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काम मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-सिगारेट नको. वाळूची बादली हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका, आग पसरते.

डिझेल गाडी बंद होत नसेल तर कारण वेगळं असतं, हे उपाय तिथे लावू नका.

एका वेळी एकच दुरुस्ती करा, गाडी चालवून बघा, मगच पुढची. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. गाडी तुमचा मुलगा किंवा ड्रायव्हर चालवत असेल तर हा संदेश त्यांनाही पाठवा. शंका असल्यास गाडीचं मॉडेल, वर्ष आणि प्लगचा फोटो याच नंबरवर पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी