भयाचा झटका आणि भयभेरव सुत्त

मानसिक आजार म्हटला की आपल्या समाजात अद्यापही दोनच चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. एक येरवड्याचे मनोरुग्णालय आणि दुसरे भगताचे अंगण. या दोहोंच्या मध्ये फार मोठा मुलूख आहे आणि त्यात रोज कामावर जाणारी, स्वयंपाक करणारी, कर्जाचे हप्ते फेडणारी माणसे राहतात, हे आपण ध्यानात घेत नाही. प्रस्तुत लेखात त्या मुलखातील एकाच दुखण्याचा विचार करावयाचा आहे. पॅनिक अटॅक या नावाने ते ओळखले जाते. आम्ही त्यास भयाचा झटका म्हणू. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत लेखनिकाचे काम करतो. वाचन करून, जाणकारांना विचारून आणि आमच्या शाखेतील एका भगिनीचा अनुभव जवळून पाहून जे समजले, ते तिच्या संमतीने येथे मांडीत आहोत.

झटका येतो तो असा. दिसण्यासारखे काही कारण नसताना छातीत धडधड सुरू होते. घाम फुटतो, हातापायांना कंप सुटतो, श्वास पुरेनासा होतो, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, भोवतालचे सारे परके वाटू लागते. आणि या सर्वांवर कडी करणारा विचार येतो, की आता आपण मरणार, किंवा आपल्याला वेड लागणार. साधारण दहा मिनिटांत हे सारे शिगेला पोहोचते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात यास स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. त्यापूर्वी हे दुखणे नव्हते असे नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिकांमध्ये डॉ. दा कॉस्टा यांनी अशीच धडधड पाहिली आणि १८७१ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मोठ्या लढाया पाहिलेली ती माणसे भित्री होती असे कोण म्हणेल ?

‘पॅनिक’ हा शब्द ग्रीकांच्या ‘पॅन’ या रानातल्या देवाच्या नावावरून आला. निर्जन रानात वाटसरूला एकाएकी वाटणारी भीती ही त्याची करणी, अशी त्यांची समजूत होती. गंमत अशी, की आमच्या कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. यवन म्हणजे ग्रीक, अथवा पश्चिमेकडून आलेले लोक. रानातल्या भयाची कल्पना त्यांनाही परकी नसावी.

आता शरीरात घडते काय ते पाहू. भाताच्या खाचरात लावणी करताना पायाशी साप दिसला तर काय होईल ? पायांना रक्त पुरवावे म्हणून हृदय जोरात चालेल, श्वास वाढेल, अंग घामेजेल. हा रोग नव्हे, जीव वाचविण्याची ही निसर्गाची व्यवस्था आहे. झटक्यात हीच व्यवस्था साप नसताना चालू होते. आमच्या शाखेतील धोक्याची घंटा एकदा पालीमुळे वाजली होती. घंटा खरी, चोर खोटा. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो व त्यामुळे मुंग्या आणि चक्कर येते. म्हणजे ही लक्षणे हवा कमी पडल्याची नसून गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याची असतात. रोग्याला मात्र नेमके उलटे वाटते आणि तो आणखी श्वास ओढतो.

इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या चक्राची मांडणी केली. धडधड होते, ‘हा हार्ट अटॅकच’ असा अर्थ माणूस लावतो, त्या अर्थाने भय वाढते आणि भयाने धडधड वाढते. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण आणि तिच्यामुळे मनाने केलेला आकांत हा दुसरा. धडधड हा पहिला बाण मानला, तर ‘मी मरतो’ हा दुसरा होय.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. छातीतील प्रत्येक कळ म्हणजे भयाचा झटका असे कोणीही घरबसल्या ठरवू नये. वय चाळिशीपुढचे असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल, श्रमाने छातीत दाटून येत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर आधी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्या झटक्यानंतर इ.सी.जी. काढावा; थायरॉईड व रक्तक्षय यांचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. तपासण्या निर्दोष आल्या की मग त्या पुन्हा पुन्हा करू नयेत. दर झटक्याला नवा इ.सी.जी. काढणे ही भयाची चाकरीच होते.

आमच्या शाखेतील भगिनी कार्ले परिसरातच राहतात. पूर्वी त्या चिंचवडच्या बाजूला एका शाखेत होत्या व मळवलीहून लोकलने जात. एके सकाळी देहूरोड सोडल्यावर गर्दीत त्यांना पहिला झटका आला. दवाखान्यात तपासण्या निर्दोष निघाल्या आणि “काही नाही, टेन्शन घेऊ नका” असे सांगून त्यांना घरी पाठविण्यात आले. ‘काही नाही’ हे शब्द दिलासा देण्यासाठी असतात, पण ज्याला मरण समोर दिसले त्याला ते खोटे ठरविल्यासारखे लागतात. त्यांनी प्रथम गर्दीची लोकल सोडली. मग लोकलच सोडली. मग पतीला बरोबर घेतल्यावाचून बाजारात जाणेही थांबले. विनंती बदली घेऊन त्या आमच्या शाखेत आल्या. अधिकारीपदाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही, नेमणूक बाहेरगावी होईल म्हणून त्यांनी बढती नाकारली. कचेरीत लोक म्हणाले, जबाबदारी नको असते यांना. नात्यातल्या कोणी गंडा बांधण्याची सूचना केली. दोन वर्षांत त्यांचे जग मळवली स्टेशन ते कार्ले फाटा एवढेच उरले.

झटका स्वतः कोणाचा प्राण घेत नाही. आयुष्य खाऊन टाकते ते हे टाळणे. गाडीतून उतरले की लगेच सुटल्यासारखे वाटते आणि ‘उतरलो म्हणून वाचलो’ अशी मनाची खात्री पटते. वस्तुतः न उतरताही झटका ओसरलाच असता, पण ते पाहण्याची संधीच मनाला मिळत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर टाळणे हे चक्रवाढ व्याजाचे कर्ज आहे. आज हप्ता चुकविल्याचे समाधान मिळते आणि मुद्दल वाढत जाते.

मज्झिम निकायातील चौथे सुत्त भयभेरव सुत्त होय. ते आमच्या मते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाने भगवंतांना म्हटले की रानातील एकान्तवास फार कठीण असतो. तेव्हा भगवंतांनी बोधी प्राप्त होण्यापूर्वीचा स्वतःचा अनुभव सांगितला. पक्षातील अष्टमी, चतुर्दशी व पंधराव्या दिवसाच्या रात्री ते मुद्दाम भीतिदायक समजल्या जाणाऱ्या वनस्थानी राहिले. एखादे जनावर जवळून जाई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी, आणि भय येई. ते चालत असताना आले तर ते थांबले नाहीत, बसले नाहीत. चालत असतानाच त्यांनी भयाचे निवारण केले. उभे असताना आले तर उभ्यानेच, बसले असताना आले तर बसूनच. भगवंतांनी भय आले नाही असे सांगितलेले नाही. भय आले आणि आसन बदलले नाही, असे सांगितले आहे.

सुत्ताला वैद्यकाचा ग्रंथ ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आजचे मानसोपचारतज्ज्ञ जे करवून घेतात त्याचे सूत्र हेच आहे : भय वाटते तेथे जा, आणि ते उतरेपर्यंत तेथेच राहा. मात्र सुत्तात त्याआधी शील, स्मृती, समाधी अशा तयारीचे सविस्तर वर्णन येते, हे विसरू नये. रोग्याला एकदम गर्दीत ढकलून “भिऊ नकोस” म्हणणे हा उपचार नव्हे. त्यास पायऱ्या लागतात.

पायऱ्यांचा विषय आमच्या गावास नवा नाही. लेण्यांपर्यंत चढून जाण्यास सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. पुण्यातील ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे आमच्या भगिनी जाऊ लागल्या, त्यांनी आधी याच पायऱ्या चढावयास लावल्या. निम्म्यावर छाती धडधडू लागे, श्वास फुले, घाम येई. लोकलमध्ये येणारी तीच लक्षणे. पण येथे कोणी मरणाचा विचार करीत नाही, सर्वांचीच छाती धडधडत असते. एकवीरेच्या यात्रेला आलेल्या म्हाताऱ्या बायाही दोन मिनिटे टेकतात आणि पुढे चालू लागतात. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे व्याख्यानाने पटले नव्हते, ते गुडघ्यांनी पटले.

वर चैत्यगृहात गेले की खांब मोजता येतात. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात, असे सदतीस. झटक्याच्या वेळी मन शरीराच्या आत पहारा देत बसते, त्यास बाहेर आणण्यास असे मोजणे उपयोगी पडते. लोकलमध्ये खांब नसतात, पण खिडक्या असतात. या लेण्यांचे जुने नाव वलूरक. उषवदाताने येथे वर्षावास करणाऱ्या संघासाठी करजिक गाव दान दिल्याचा लेख चैत्यगृहात आहे. मावळातील आषाढ-श्रावणाची रात्र ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या भिक्षूंच्या एकान्तात कोणते आवाज येत असतील हे सांगावयास नको.

पायऱ्यांनंतर गाडी. मळवली ते कामशेत एक स्टेशन, तेही दुपारच्या रिकाम्या गाडीने. भय निम्म्यावर येईपर्यंत रोज तेवढेच. मग कान्हे, वडगाव, तळेगाव. देहूरोड ओलांडावयास त्यांना चार महिने लागले. मधल्या स्टेशनवर घाबरून उतरणे नाही, असा त्यांचा स्वतःशी करार होता.

श्वासाविषयी बराच गैरसमज आहे. “खोल श्वास घे” हा सल्ला झटक्यात बहुधा उलटतो, कारण माणूस आधीच जास्त हवा ओढीत असतो. श्वास हलका घ्यावा आणि उच्छ्वास त्याहून लांबवावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सांगितला जात नाही. दमा वा हृदयविकार असणाऱ्यास तो घातक ठरू शकतो. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले व प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. तेव्हा शिकण्यास दूर जाणे नको, पण शिकावे ते झटका नसताना. भस्त्रिकेसारखे वेगाचे प्रकार अशा रोग्याने मनाने करू नयेत. आनापानसती ही वेगळी गोष्ट आहे. तीत श्वास बदलावयाचा नसतो. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड असे जाणावयाचे असते. काहींना श्वासाकडे पाहूनच भय वाढते. त्यांनी खांब मोजावेत. तसेच, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास जाताना अर्जात आपला आजार व औषधे लपवू नयेत.

औषधांविषयी थोडेच सांगतो, तो डॉक्टरांचा अधिकार आहे. सर्ट्रालीन, एसिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांचा गुण यावयास काही आठवडे लागतात व त्या एकाएकी बंद करावयाच्या नसतात. अल्प्राझोलामसारखी गोळी चटकन शांत करते, पण तिची सवय लागते. शेजाऱ्याकडून मागून ती घेऊ नये. मेडिक्लेम मिळणार नाही या भीतीने मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी लपविणारे खातेदार आम्ही पाहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देण्याचे बंधन घातले आहे. ज्यांना लगेच तज्ज्ञ गाठणे शक्य नाही, त्यांनी १४४१६ हा क्रमांक फिरवावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही टेलिमानस सेवा सरकारी व विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

आमच्या भगिनींना यंदाही दोन झटके आले, त्यांपैकी एक खडकीजवळ. त्या शिवाजीनगरला, जेथे उतरावयाचे होते तेथेच, उतरल्या. बढतीच्या परीक्षेचा अर्ज त्यांनी पुन्हा भरला आहे.

घरच्यांचे काम सोपे दिसते, पण नाही. झटक्याच्या वेळी गर्दी जमवू नये, कांदा हुंगवू नये, तोंडावर पाणी मारू नये. शेजारी बसून हळू आवाजात “उतरतंय, थांबू या” एवढे म्हणावे. रोज सकाळी “आज कसं वाटतंय ?” असे विचारू नये. आणि सोबत हळूहळू काढून घ्यावी. भगिनींचे पती आधी शेजारच्या बाकावर बसत, मग पुढच्या डब्यात, मग मागच्या लोकलने येत आणि शेवटी घरीच थांबू लागले. ते म्हणतात, यातली शेवटची पायरी त्यांनाच सर्वांत जड गेली.