सिट्रोएन डीएस : आधी तेलाचा रंग पाहा

प्रश्न : १९७० सालची फ्रान्समधली डीएस खड्ड्यांत दणके देते, इंजिन चालू असताना सतत 'टक-टक' आवाज येतो. सस्पेन्शन बदलावे का?

उत्तर : घाई नको. या गाडीला चाकांवर स्प्रिंगा नाहीत; पोलादी गोळ्यांतला नायट्रोजन तिला झेलतो, आणि तीच तिची शान. रबरी पडद्यातून तो वर्षानुवर्षे झिरपतो, मग गाडी कडक होते. टकटक बहुधा मुख्य गोळ्यातला वायू कमी झाल्याची खूण. मग तेलाला दाब देणाऱ्या पंपाला विसावाच मिळत नाही. गोळे पुन्हा भरता येतात किंवा बदलता येतात.

या तेलात मात्र चूक नको. हिरवे खनिज तेल १९६६ मध्ये आले, त्याआधीचे वेगळे; म्हणजे तुमच्या गाडीत हिरवेच हवे. चुकीचे तेल पडले की सील खराब होतात, आणि ब्रेकही याच तेलाच्या दाबावर चालतात.