रिले कुठे बसलाय?

पेडणे तालुक्यातल्या एका कारखान्यात कामाला लागून मला तीन महिने झाले होते. पंपाची १० एचपीची मोटर सारखी ट्रिप व्हायची. मोटरच्या पाटीवर १४ अँपिअर लिहिलेलं, आणि ओव्हरलोड रिलेचा काटा मात्र ८ वर. कोणीतरी चुकून कमी लावलाय, असं धरून मी काटा १४ वर नेला. ट्रिपिंग थांबलं. त्या दिवशी चहाला मी जरा ऐटीतच गेलो.

तिसऱ्या दिवशी शेडभर वार्निश जळाल्याचा वास.

मोटर उघडली ती आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियनने. आयटीआय झालेला माणूस, २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत डिचोलीला खाणीवर होता. शाफ्ट हाताने फिरवून त्याने मला खरखर ऐकवली. बेअरिंग गेलं होतं, मोटर ओढून ओढून चालत होती. मग एवढंच विचारलं, "बाब, रिले खंय आसा तें पळयलें?"

स्टार्टर स्टार-डेल्टा होता आणि रिले डेल्टाच्या आत. तिथून लाइन करंटचा ५८ टक्केच भाग जातो. १४ भागिले १.७३, म्हणजे ८. हा भागाकार मी परीक्षेत इतक्या वेळा केला होता की झोपेतही जमला असता. पण स्टार्टरच्या प्रयोगाचं जर्नल मी सीनियरच्या वहीवरून उतरवलेलं. पॅनलला हात लावला नव्हता. पदवी फर्स्ट क्लासची.

जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्याकडचे पालक विचारतात, इलेक्ट्रिकल केलं तर तिथे चिकटेल का पोरगा? मी त्यांना कॉलेजच्या माहितीपुस्तकातली दोन पानं उघडायला सांगतो. एकावर उद्दिष्टं असतात, म्हणजे पास होऊन चार-पाच वर्षांनी हा मुलगा कुठवर पोचलेला असावा. दुसऱ्यावर निष्पत्ती, म्हणजे पदवी हातात पडेल त्या दिवशी त्याला काय काय यायला हवं. इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी एकमेकांच्या तोडीच्या मानायच्या, असा वॉशिंग्टन करार आहे; भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला आणि ही पानं त्याच साच्यातली. एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं, मानांकन हवं असेल तर कॉलेजला ही पानं लिहावीच लागतात, त्यामुळे भाषा सगळीकडे सारखीच गुळगुळीत. तरी वाचा. 'समस्येचं विश्लेषण' ही त्यातली अगदी वरची ओळ. मोटर का ट्रिप होते हे न बघता मी तिचं ट्रिप होणंच बंद केलं होतं, म्हणजे माझी गाडी त्या ओळीवरच अडली.

फर्मागुडीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६७ पासून आहे, पेडण्यात नि डिचोलीत आयटीआय आहेत, डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. कुठल्याही वाटेने जा. आयटीआयवाल्याला कमी लेखू नका, हे मी स्वतः चटका खाऊन सांगतोय. मात्र प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघायला मागा. एका टेबलाशी किती मुलं असतात? वायरिंग मुलं करतात, की सर करतात आणि मुलं बघतात? मुद्दाम बिघाड घालून तो शोधायला लावतात का? पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या दोघांना गाठून आज ते काय करतात ते विचारा. उद्दिष्टांचं पान खरं की खोटं, ते तिथेच कळतं.

आणि स्टार्टरचं पॅनल काचेच्या कपाटात चकचकीत दिसलं, तर किल्ली कोणाकडे असते तेही विचारून या.