पुस्तकी किंमत आणि बाजारभाव : 'इंटेल'च्या शेअरचा हिशेब

शेअर पडला की तो स्वस्त झाला, असे मानणारे लोक आपल्या ओळखीत पुष्कळ आहेत. पूर्वी ही चर्चा दलाल स्ट्रीटपुरती होती. आता रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि आपल्या गावात बसून अमेरिकन कंपनीचा शेअर घेता येतो. म्हणून या वेळी आम्ही अशाच एका कंपनीचा हिशेब वाचकांपुढे मांडत आहोत.

इंटेल ही संगणकाच्या चिप बनवणारी जुनी पेढी. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी ती १९६८ साली काढली. १ ऑगस्ट २०२४ रोजी तिने तिमाही हिशेब जाहीर केला. तोटा १.६ अब्ज डॉलर. पंधरा टक्क्यांहून अधिक नोकर कमी करणार. १९९२ पासून चालत आलेला लाभांशही बंद. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के कोसळून २१.४८ डॉलरवर आला. एप्रिल २०२१ मध्ये हाच शेअर ६८ डॉलरला विकला गेला होता.

येथून गुंतवणूकदारांत वाद सुरू झाला. घेणाऱ्यांचा मुद्दा सोपा होता. ताळेबंदात भागधारकांची मालमत्ता सुमारे ११५ अब्ज डॉलर, शेअर सुमारे सव्वाचार अब्ज; म्हणजे एका शेअरमागे पुस्तकी किंमत सत्तावीस डॉलर. सत्तावीसचा माल एकवीसला मिळतो आहे, मग भ्यायचे कशाला?

आमच्या मते खरा धडा याच प्रश्नात आहे. पुस्तकात लिहिलेली किंमत कशाची असते, हे पाहिले पाहिजे. पुढच्याच तिमाहीत इंटेलने १६.६ अब्ज डॉलर तोटा दाखवला. त्यातला बराच भाग रोख गेला नव्हता, तो वहीत होता. पुढे नफा होईल आणि तेव्हा करात सूट मिळेल म्हणून आधीच जमेस धरलेली ९.९ अब्जांची रक्कम आता वसूल होईल याचा भरवसा नाही, असे मान्य करावे लागले. जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर आणखी ३.१ अब्ज, तर विकत घेतलेल्या धंद्यांच्या नावलौकिकापोटी धरलेले २.९ अब्ज कमी केले. मालमत्ता शंभर अब्जांच्या खाली आली. शेअरमागचे सत्तावीस डॉलर तीन महिन्यांत तेवीस झाले. ज्याची उधारी बुडाली पण खातेवहीतून खोडली नाही, त्या दुकानदाराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

यंत्रांची किंमत का उतरली? चिपच्या धंद्यात दोन रीती आहेत. इंटेल आपली चिप आपणच आखते आणि मुख्यतः आपल्याच कारखान्यात बनवते. एनव्हिडिया, एएमडी, ॲपल यांच्याकडे स्वतःचा कारखाना नाही. ते नकाशा तयार करतात आणि तैवानच्या टीएसएमसीकडून मजुरीवर माल बनवून घेतात. मॉरिस चँग यांनी ही कंपनी १९८७ मध्ये केवळ मजुरीच्या कामासाठी काढली. सूत देऊन कापड विणून घेण्याचा व्यवहार आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. तोच हा, फक्त एकेक कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात. टीएसएमसीच्या यंत्रावर साऱ्या बाजाराचे काम चढते, यंत्र रिकामे राहत नाही, आणि त्या कमाईतून पुढचे यंत्र येते. इंटेलच्या यंत्रावर फक्त इंटेलचे काम. मोबाइल फोनचा आणि नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेचा धंदा इतरांकडे गेला, तेव्हा हे काम पुरेना.

चूक ढिलाईचीही होती. अतिसूक्ष्म छपाईची यंत्रे नेदरलँड्सची एएसएमएल ही कंपनी बनवते. तिच्यात इंटेलने २०१२ मध्ये स्वतः पैसा घातला. पण त्या यंत्रावर मोठ्या प्रमाणात माल टीएसएमसीने २०१९ मध्ये काढला, इंटेलने २०२३ मध्ये.

२०२१ मध्ये पॅट गेल्सिंगर प्रमुख झाले आणि त्यांनी बाहेरचे मजुरीचे काम घ्यायचे ठरवले. विकणाऱ्यांचा आक्षेप येथेच होता. २०२३ मध्ये कारखाना विभागाचा व्यवहार १८.९ अब्ज डॉलर आणि तोटा ७ अब्ज. कामही जवळजवळ सारे घरचेच. बाहेरचा गिऱ्हाईक येणार कसा? जो विणकर आपल्याच बाजारात स्वतःच्या साड्या विकतो, त्याच्या हाती आपली नवी डिझाइन कोण सहज देईल? आम्हाला हा आक्षेप त्या वेळी सर्वांत वजनदार वाटतो. डिसेंबर २०२४ मध्ये गेल्सिंगर गेले, मार्च २०२५ मध्ये लिप-बू टॅन आले. जुलै २०२५ मध्ये कंपनीनेच लिहून दिले की '१४ए' या पुढच्या पद्धतीला मोठा बाहेरचा गिऱ्हाईक मिळाला नाही, तर ते काम थांबवावे लागेल.

आणि तरी भाव वर गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने द्यायच्या राहिलेल्या अनुदानासह ८.९ अब्ज डॉलरच्या बदल्यात २०.४७ डॉलर दराने सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. नवे शेअर काढल्याने जुन्या भागधारकांचा वाटा तेवढा घटला, ही गोष्ट आनंदात फार थोड्यांनी बोलून दाखवली. सप्टेंबरात एनव्हिडियाने २३.२८ डॉलर दराने ५ अब्ज घालण्याचे जाहीर केले. २०२५ अखेर शेअर छत्तीस डॉलरच्या पुढे होता.

मग घेणारे बरोबर ठरले का? २१ डॉलरला घेऊन थांबला, त्याला नफा झाला. २०२१ मध्ये ६८ ला घेतलेल्याचे तोपर्यंत जेमतेम निम्मे उरले. पण पहिल्याचा नफा पुस्तकी किमतीने मिळवून दिला नाही. सरकारला स्वदेशी कारखाना हवा होता, म्हणून तो झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये सत्तावीस-एकवीसचे गणित मांडणाऱ्याच्या कागदावर हे कारण कोठेच नव्हते.

एनव्हिडियाच्या कराराचा मजकूरही नीट वाचावा. इंटेलने एनव्हिडियासाठी संगणकाच्या चिप तयार करायच्या, असे त्यात आहे. एनव्हिडिया स्वतःच्या चिप इंटेलच्या कारखान्यात बनवून घेईल, असे बंधन त्यात नाही. ज्यांच्याकडे हा शेअर आहे, त्यांनी दर तिमाहीच्या हिशेबात नफ्याचा आकडा पाहण्याआधी कारखाना विभागाला बाहेरून किती काम मिळाले, ती ओळ शोधावी.