४०१ वरच्या शिखराबद्दल

चि. सई,

इंदूरच्या इंडस-२ वर तुला सॉफ्ट एक्स-रेचा बीमटाइम मिळाल्याचं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं.

तुझ्या सच्छिद्र कार्बनमध्ये मिसळलेल्या नायट्रोजनची के-एज ४०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. पिरिडिनिक नायट्रोजनचं शिखर साधारण ३९८.५ ला, ग्राफिटिकचं ४०१ च्या मागेपुढे, पायरोलिक या दोघांच्या मध्ये. एवढं पाठ झालं की मुलं स्पेक्ट्रम हाती पडताच प्रत्येक शिखराचं बारसं उरकून मोकळी होतात. तू ती घाई करू नकोस.

४०१ कडे तर संशयानंच बघ. साध्या नायट्रोजन वायूचं शिखरही तिथेच येतं, आणि तुझ्या सच्छिद्र कार्बनमध्ये वायू अडकून राहू शकतो. वायूच्या शिखराला कंपनांमुळे बारीक दाते असतात, एकमेकांपासून सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टवर. रेझोल्यूशन चांगलं असेल तरच ते दिसतात. म्हणून तेवढ्या भागात स्कॅनची पायरी ०.०५ ची ठेव, बाकी ठिकाणी मोठी चालेल.

पूड कार्बन टेपवर लावू नकोस, कार्बनच्या एजला टेपच मोजत बसशील. इंडियमच्या पत्र्यात दाबून बसव. इलेक्ट्रॉन यील्डमध्ये वरचे काही नॅनोमीटरच दिसतात, फ्लुरोसन्समध्ये खोलवरचं. जमलं तर दोन्ही घे. एकाच जागी दोनदा स्कॅन कर. दुसऱ्या खेपेला आकार बदलला, तर किरणांनीच सॅम्पल बिघडवलं असण्याची शक्यता जास्त. कार्बन नायट्राइड आणि फ्थॅलोसायनीन रेफरन्स म्हणून त्याच बीमलाइनवर, त्याच खेपेत मोज. पेपरांतले आकडे आयते उचलू नयेत, कॅलिब्रेशन जागोजागी थोडं वेगळं असतं.

शिखरांना नावं देण्याची घाई का नको, हे कळायला त्सुकुबा विद्यापीठाच्या गटाचा २०१६ चा ‘सायन्स’मधला लेख पुन्हा वाच. ग्रॅफाइटवर कुठे मुख्यतः पिरिडिनिक, कुठे मुख्यतः ग्राफिटिक नायट्रोजन, असे वेगवेगळे नमुने त्यांनी मुद्दाम बनवले, आणि मगच ऑक्सिजन क्षपणाच्या उत्प्रेरणाचं श्रेय पिरिडिनिकला दिलं. एकाच गुंतागुंतीच्या पुडीवर तीन गॉशियन बसवून काढलेल्या टक्केवारीवर माझा तरी विश्वास नाही.

इंदूरच्या सराफ्यातलं रात्रीचं खाणं चुकवू नकोस, पण शिफ्ट संपल्यावर! निघण्याआधी एक्सपीएसचे आकडे आणि सॅम्पलांची यादी मला पाठव.

तुझी,
मावशी